ट्रेकिंग ग्रुपची वर्गणी आणि इन्शुरन्स, तुमच्याकडे कसं बसवता?

गडवेडा:
नमस्कार मंडळी. आमचा छोटा ट्रेकिंग ग्रुप आहे, रजिस्टर्ड संस्था, 70 च्या आसपास मेंबर, सगळे नोकऱ्या सांभाळून करणारे, कोणी एक रुपया मानधन घेत नाही. वर्गणी वर्षाला 300 रुपये, त्यातच रोप, हार्नेस, हेल्मेट, ऑडिटची फी सगळं भागवायचं. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा उतरताना घसरला, घोटा मोडला, घरच्यांनी निमूट बिल भरलं, आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत पण माझ्या मनातून ते जात नाहीये. आता कमिटीत म्हणतायत सगळ्यांचा ग्रुप ॲक्सिडेंट इन्शुरन्स काढू आणि वर्गणी 700 करू. जुने लोक म्हणतात कॉलेजची पोरं तुटतील. काय करावं?

रानवाट:
वर्गणीचं नंतर, आधी पॉलिसीचं वर्डिंग मागवा. साध्या पर्सनल ॲक्सिडेंटमध्ये बऱ्याचदा रॉक क्लायंबिंग, गिर्यारोहण वगळलेलं असतं, म्हणजे राजगडाची वाट चालताना पडला तर मिळेल आणि लिंगाण्यावर रोपने चढताना पडला तर नाही. आम्ही मेलवर सरळ विचारलं, कोकणकड्याचं रॅपलिंग, म्हणजे रोपने कडा उतरणं, धरलंय का, लेखी सांगा. एजंट तोंडी "सगळं कव्हर आहे" म्हणाला तर त्यावर जाऊ नका. आणि ही पॉलिसी मुख्यतः मृत्यू आणि अपंगत्वाची, हॉस्पिटलच्या बिलासाठी मेडिकल खर्चाचं कव्हर वेगळं जोडावं लागतं, तुमच्या त्या मुलाला तेच लागलं असतं. जीएसटी पण बघा, सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा गेला, ग्रुपवर 18 टक्के आहेच.

हिशोबवाली ताई:
9 वर्षं खजिनदार आहे म्हणून सांगते, दोन्ही पैसे एकत्र करू नका. वर्गणी संस्थेची, विमा माणसाचा. आमच्याकडे वर्गणी 400, विद्यार्थ्यांना 200, आणि विम्याचे पैसे फक्त चढाईला जाणाऱ्यांकडून वेगळ्या पावतीने. सुळक्याकडे कधी न फिरकणाऱ्या काकांनी तुमच्या क्लायंबिंगचा प्रीमियम का भरायचा? एक मात्र कडक ठेवलंय, विम्याच्या यादीत नाव नसेल तर रोपला हात नाही, मग तो अध्यक्षांचा मुलगा का असेना. मे महिन्यात यादी पक्की करतो, नंतर आलेल्यांचं नाव वाढवून घेतो, ते न केल्यामुळे एकदा पाहुणा म्हणून आलेला मुलगा यादीबाहेर राहिला होता, नशीब काही झालं नाही.

कोकणी मावळा:
प्रत्येकाला निदान प्रधानमंत्री सुरक्षा बीमा तरी काढायला लावा. वर्षाला 20 रुपये, बँक खात्यातून कट होतात, 1 जून ते 31 मे, वय 18 ते 70. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, अर्धवटाला 1 लाख. हॉस्पिटलचं बिल यात नाही हे पोरांना स्पष्ट सांगा.

रानवाट:
अजून एक, फॉर्मवर "स्वतःच्या जबाबदारीवर" अशी सही घेतली म्हणून आपण सुटत नाही हां. जुना रोप वापरला, लीडर कमी नेले, असला निष्काळजीपणा निघाला तर सही उपयोगाची नाही. म्हणून वर्गणीतला पहिला हिस्सा रोपला.

गडवेडा:
ताई, वेगळी पावती हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारच्या मीटिंगमध्ये वर्गणी 400 आणि चढाईचा विमा वेगळा असंच मांडतो. एजंटला मेल आत्ताच टाकला, मेडिकल कव्हरचं पण विचारलंय. उत्तर आलं की इथे टाकतो.