मिशन इम्पॉसिबलचा शेवटचा भाग बाबाले दाखवाचा हाय, आधी कोणकोणते पाहू?

वणीकडचा_गडी

राम राम मंडळी. आमचं गाव वणीहून आतमधी हाय, चांगलं थेटर जवळ नाही, त्यामुळं मे २०२५ मधी त्याचा आठवा भाग, द फायनल रेकनिंग, लागला तेव्हा पाहाचा राहून गेला. गेल्या आठवड्यात घरीच टीव्हीवर हिंदीतला लावला अन बाबा बी सोबत बसले. पण पहिल्या तासातच उठले. जुन्या भागातले तुकडे येऊन राह्यले, याचा बाप कोण, त्यानं तवा काय केलतं, हेच चालू. बाबा म्हणे, "दुसऱ्याच्या गावच्या पंचायतीत बसवलं बाबू तू मले." अन खाटेवर जाऊन झोपले.

मले वाईट वाटलं कारण हा पिक्चर त्यायच्यासाठीच हाय असं मले मनापासून वाटते. बाबानं तीस वर्षं विहिरीत उतरायचं काम केलं. मोटर बसवणं, गाळ काढणं, पावसाळ्यात अडकलेला पाइप सोडवणं. कमरेले दोर बांधून साठ-सत्तर फूट खाली. टीव्हीवर कोणी लटकलं की ते लगेच सांगतात हे खरं हाय की खोटं, अन जे खोटं असन ते पाहतच नाही. टॉम क्रूझ विमानाच्या पंखाले लटकते ते खरंच लटकते म्हणून त्यायनं पाहावं असं मले वाटते.

आठही भाग पाहाचे म्हटलं तर १८ तासाच्या वर होते. पुढच्या आठवड्यापासून आमच्याकडं वावरातली लाइन रात्रीची हाय, ओलिताले जावं लागन, म्हणजे हातात फक्त चार-पाच रात्री. तर नेमके कोणते दाखवू? क्रमानं सांगा.

पुसद_नाइट_शो

दादा चार पुरतात. पहिला (१९९६), तिसरा (२००६), सातवा (२०२३) आणि मग आठवा. कारण सांगतो, थोडं उघड होईल पण तुम्ही पाहिलाच आहे.

आठव्यात जे जे जुनं येतं त्यातलं बहुतेक या तीनच पिक्चरमधून येतं. तिसऱ्यात ज्या 'रॅबिट्स फूट'च्या मागे सगळे धावतात ती वस्तू काय आहे हे त्या पिक्चरमध्ये कोणीच सांगत नाही, एकोणीस वर्षांनी आठव्यात कळतं की ती त्या एंटिटी नावाच्या यंत्रबुद्धीचं मूळ होतं. एंटिटी स्वतः सातव्यात येते, किल्लीचे दोन तुकडे, बुडालेली सेवास्तोपोल पाणबुडी, सगळं तिथलंच, सातवा न पाहता आठवा लावला तर कोणीही उठून जाईल, बाबांची काही चूक नाही. आणि पहिल्यात जिम फेल्प्स आहे ना, इथनचा (म्हणजे टॉम क्रूझच्या पात्राचा) साहेब, जो शेवटी फितूर निघतो, त्याचा पोरगा सातव्यापासून इथनच्या मागावर आहे आणि तो कोणाचा पोरगा हे आठव्यात उघड होतं.

पण पहिला दाखवायचं खरं कारण वेगळं आहे. लँगलीचा सीन. सीआयएच्या ऑफिसातली ती पांढरी खोली, जमिनीला पाय लागला तरी घंटा, आवाज झाला तरी घंटा, खोलीची गरमी वाढली तरी घंटा. इथन छतातून दोरावर खाली येतो. तुमच्या बाबांना दुसरं काही सांगू नका, फक्त हा सीन लावा आणि गप बसा. त्यातला एक चाकू आठव्यात परत येतो, बस एवढंच सांगतो.

टॉवरवर_चढणारा

वरच्या भाऊचं बरोबर हाय पण सहावा, म्हणजे फॉलआउट (२०१८), सोडाचा नाही, माह्यावाला तरी आग्रह हाय. गोष्टीसाठी नाही तर कामासाठी. मी मोबाइल टॉवरवर काम करतो, मेहकर-लोणारकडं, रोज हार्नेस बांधतो, म्हणून मले हे उलसं जास्त कळते. उंचीवर जीव खाली पाहून घाबरत नाही, वाऱ्यानं घाबरते. वारा तोंडात शिरला की श्वास घेता येत नाही अन हाताची पकड आपोआप ढिली होते. पाचव्यात (२०१५) टॉम क्रूझ त्या मोठ्या ए४००एम विमानाच्या बाहेरून दाराशी उभा राहून वर जाते, ते त्यानं आठ वेळा केलं, डोळ्यात खडा-माती जाऊ नये म्हणून डोळ्यावर वेगळ्या लेन्स लावल्या होत्या. तारा होत्या, त्या कॉम्प्युटरवर पुसल्या, पण मानूस खरा, विमान खरं अन वारा बी खरा. चेहऱ्याचं कातडं कसं हलते ते पाहाजा, ते नाटक करून येत नाही.

सहाव्यात तर २५ हजार फुटावरून उडी हाय, तीन शॉटसाठी शंभराच्या वर उड्या मारल्या. अन लंडनले छतावरून छतावर उडी मारताना त्याचा घोटा मोडला २०१७ मधी. मोडलेल्या पायानं तो भिंतीवरून वर चढला, लंगडत कॅमेऱ्यापुढून गेला अन मंगच थांबला. तोच शॉट पिक्चरमधी ठेवला हाय. आमच्या कामात असं केलं तर मुकादम घरी पाठवन अन पाठवालेच पाहिजे, पण थो शॉट मी कितीबी वेळा पाहू शकतो.

एक सांगून ठेवतो, शेवटी काश्मीर म्हणून जे दाखवलं ते काश्मीर नाही, हेलिकॉप्टरचा भाग न्यूझीलंडले शूट केला अन कड्यावरची मारामारी नॉर्वेले. बाबानं विचारलं तर खरं सांगून देजा.

चौथा (२०११) घरातल्या लेकरायसाठी ठेवा, बुर्ज खलिफा हाय त्याच्यात, ८२८ मीटरची इमारत, अन अनिल कपूर बी हाय. दुसरा नाही पाहला तरी चालते.

वडसा_झाडीपट्टी

मी देसाईगंज-वडसाकडचा, आमच्याकडं धान निघाले की दिवाळीपासून नाटकं सुरू होतात, रात्रभर, मंडईत, शंकरपटाच्या दिवशी, आणि मी दरवर्षी स्टेजच्या मागं काम करतो म्हणून लिहायची इच्छा झाली. स्टंट खरे आहेत ते मान्यच, पण लोकं या पिक्चरला तेवढ्यासाठी येतात असं मला नाही वाटत. विमानाला लटकणारे दुसरेही आहेत. आमच्याकडं प्रेक्षक पहाटे चारपर्यंत थंडीत घोंगडी घेऊन का बसतो तर स्टेजवरच्या माणसाचं काहीतरी पणाला लागलंय हे त्याला दिसतं म्हणून.

या आठही पिक्चरमध्ये इथनला नेहमी एकच अडचण येते, एका साथीदाराला वाचवू की हजारो लोकांना, आणि तो दरवेळी साथीदार सोडत नाही, मग त्याच्यामुळं सगळं आणखी अवघड होऊन बसतं. ल्यूथर हा त्याचा साथीदार आठही भागात आहे, विंग रेम्स नावाचा नट आहे तो. तिसऱ्या भागापासून बेंजी आहे. ही माणसं ओळखीची झाली नाहीत तर आठव्यात ल्यूथरचं जे होतं ते पाहून काहीच वाटणार नाही. म्हणून बाबांना पिक्चर दाखवताना कथा समजावू नका, फक्त "हा ल्यूथर, लक्षात ठेवा" एवढं सांगा.

आणि ती धून, ट्यँ-ट्यँ-ट्या-ट्या, लालो शिफ्रिनची, १९६६ च्या टीव्ही मालिकेपासूनची. पाच मात्रांची आहे म्हणून कानाला सतत काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. आमच्या ढोलकीवाल्याला ऐकवली होती, त्यानं अर्ध्या तासात हात बसवला. शिफ्रिन २०२५ च्या जूनमध्येच गेले.

वणीकडचा_गडी

सगळ्यायचे आभार. पुसदवाल्या दादाच्या क्रमानं चार रात्रीत चार पाहले.

पहिल्या रात्री मी काहीच बोललो नाही. लँगलीचा सीन आला. इथन खाली उतरून राह्यला अन बाबा त्याच्याकडं पाहतच नव्हते. म्हणे, "वर दोर कोणाच्या हातात हाय?" मी म्हणलो, त्या क्रिगर नावाच्या मानसाच्या. म्हणे, "त्याचं ध्यान दोरावर नाही. आपल्या हाताकडं पाहून राह्यला तो. हा भरवशाचा नाही." दोन मिनिटात उंदीर आला, दोर सुटला, इथन जमिनीच्या बोटभर वर अटकला. अन पुढं तो क्रिगर फितूरच निघाला. बाबानं तीस वर्षं हेच पाहलं असन, खाली उतरण्याच्या आधी वरच्या मानसाचं तोंड. हे मले आजवर माहीतच नव्हतं, कधी विचारलंच नाही.

आता आठव्या भागाचं सांगतो. पाणबुडीच्या सीनले बाबा एक शब्द बोलले नाही, पाणी वाढून राह्यलं तसे स्वतःच श्वास धरून बसले होते. ल्यूथरच्या वेळेस म्हणे, थांबव उलसं, पाणी पिऊन येतो. अन मंग तो डॉनलो आला, ज्याच्या ऑफिसातून चोरी झालती अन ज्याले त्या चुकीपायी अलास्काले पाठवलं होतं. त्यानं तो चाकू काढून इथनले देल्ला. बाबा खाटेवरून उठून बसले. "हा तोच हाय. टेबलात रुतला होता तो." मी होय म्हणलो. "बिचाऱ्यानं जपून ठेवला इतकी वर्षं," म्हणे.

आता त्यायले टॉवरवाल्या भाऊचा सहावा पाहाचा हाय. रविवारपासून लाइन रात्रीची हाय, शनिवारी लावतो.