'मेस्तिसा'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादवही
ग्लोरिया आन्साल्दुआ यांच्या 'बॉर्डरलँड्स / ला फ्रोंतेरा' (१९८७) या पुस्तकातल्या काही भागांचा अनुवाद करतेय. पुस्तकाचं उपशीर्षक 'नवी मेस्तिसा' असं आहे. 'मेस्तिसा' म्हणजे स्पॅनिशमध्ये मिश्र वंशाची स्त्री. बाई दक्षिण टेक्सासच्या, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या. शाळेत मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलताना सापडल्या म्हणून बोटांच्या पेरांवर पट्टीचे तीन फटके खाल्ले, हे त्यांनीच लिहिलंय. मी 'मेस्तिसा' तसंच ठेवलं होतं. संपादकांनी ते खोडून सगळीकडे 'संकरित स्त्री' केलं. संकरित म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे जर्सी गाय उभी राहते. शिवाय गीतेच्या पहिल्याच अध्यायात 'संकरो नरकायैव' आहे, म्हणजे संकर कुळाला थेट नरकात नेतो. जी बाई हीच ओळख मानाने मिरवते, तिला मी हा शब्द कसा चिकटवू?

आणखी एक अडचण. 'मेस्तिसा' स्त्रीलिंगी आहे, पण मराठी कानाला तो घोडा, वाडा, मासा यांच्या रांगेतला पुल्लिंगी वाटतो. 'नवी मेस्तिसा' वाचताना जीभ अडखळते. मग 'मेस्तिशी' करायचं का?

कोरडवाहू
'संकर'ला एवढं घाबरायचं कारण नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, त्यानंतर आमच्या भागात घरात दाणे दिसायला लागले. शेतकऱ्याच्या तोंडी संकर म्हणजे जोम. शब्द स्वच्छ संस्कृत आहे, अर्थ नेमका आहे. गीतेत अर्जुन काय म्हणाला म्हणून शब्द टाकायचा, तर निम्मा कोश टाकावा लागेल.

लिंबगाव
कोरडवाहू, शेतकऱ्याच्या तोंडी 'संकर' कधी होता? 'हायब्रीड' होता. आणि 'हायब्रीडची भाकरी' हे कौतुक नव्हतं, चव नाही म्हणून तक्रार होती. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं नव्या पोरांना 'हायब्रीड पिढी' म्हणतात ते काय जोमदार म्हणून?

मडगांवकार
शब्द हुडकत कशाला बसता, तो आमच्याकडे चारशे वर्षांपूर्वीच आलेला आहे. पोर्तुगीज 'मेस्तिसो', आमची आजी 'मिस्तीस' म्हणायची. बाप पोर्तुगीज, आई इथली, त्यांची संतती. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने मेस्तिसो आणि कास्तिसो दोन्ही नोंदवलेत. इथे कास्तिसो म्हणजे आईबाप दोघं पोर्तुगीज, पण जन्म हिंदुस्थानातला. मेक्सिकोत त्याच शब्दाचा अर्थ निराळा असं वाचल्याचं आठवतं. कोणी सांगेल का?

शब्दवेडा
मग आपला मेस्त्री, मिस्त्री याच घराण्यातला दिसतो. दोन्ही कामांत हात असलेला, मिश्र कसबाचा माणूस तो मेस्त्री. आणि मूळ शेवटी आपलं 'मिश्र'च.

स्पॅनिशची_मास्तरीण
नाही हो. मेस्त्री हा पोर्तुगीज 'मेस्त्र' म्हणजे गुरू, उस्ताद यावरून आला, त्याचं लॅटिन मूळ वेगळं. मेस्तिसोचं मूळ लॅटिन 'मिक्स्तुस', मिसळलेला. ते क्रियापद आणि संस्कृत 'मिश्र' ही एका आजीची नातवंडं आहेत, एक दुसऱ्याचं लेकरू नव्हे.

मडगांवकार, तुमचा प्रश्न. मेक्सिकोत स्पॅनिश पुरुष आणि इंडियन, म्हणजे तिथलीच मूळनिवासी स्त्री यांचं मूल मेस्तिसो. त्या मेस्तिसोची पुन्हा स्पॅनिश माणसाशी सोयरीक झाली तर कास्तिसो, आणि कास्तिसोची झाली तर मूल परत स्पॅनिश! अठराव्या शतकात तिथे 'कास्ता', म्हणजे मिश्र वंशाचे वर्ग दाखवणाऱ्या चित्रांच्या मालिका निघत, बहुधा सोळा-सोळाच्या. प्रत्येक चित्रात आई, बाप, मूल, आणि वर कोणापासून कोण झालं ते लिहिलेलं. खाली खाली जाल तशी नावं बघा: 'मागे उडी', 'हवेतच थांब', 'तू मला कळत नाहीस'. ही माणसांच्या पोरांची नावं आहेत. मनुस्मृतीचा दहावा अध्याय वाचलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. तिथेही अशीच यादी आहे, आणि सातव्या पिढीत वर चढायची सोयही आहे.

म्हणून माझं मत 'संकर'च्या विरोधात आहे. तो शब्द नेमका नाही असं नाही, तो फार नेमका आहे, पण अपमान करणाऱ्याच्या बाजूने. इन्का गार्सिलासो दे ला व्हेगा, पेरूचा, बाप स्पॅनिश कप्तान, आई इन्का राजघराण्यातली. १६०९ साली त्याने लिहिलं की आम्हाला मेस्तिसो म्हणतात, हे नाव आमच्या बापांनी दिलं, आणि मी स्वतःला ते तोंड भरून म्हणवतो, त्यात मला मान वाटतो. लगेच पुढे लिहितो, तिकडे कोणाला मेस्तिसो म्हटलं तर त्याला तो अपमान वाटतो. शिवी आणि अभिमान दोन्ही त्या एका शब्दात चारशे वर्षं आहेत. मराठीत असा शब्द नाही. 'मेस्तिसा'च ठेवा.

कोरडवाहू
परका शब्द तसाच ठेवणं म्हणजे अनुवाद टाळणं. 'मिश्रवंशी' का नको?

लिंबगाव
'मिश्रवंशी' जनगणनेच्या रकान्यातला वाटतो. त्यात कोणी तोंड भरून काय म्हणणार?

जुना_वाचक
आन्साल्दुआबाईंची भाषा पण मिश्र आहे ना? इंग्रजी, स्पॅनिश, मध्येच नाहुआत्ल, मेक्सिकोतल्या मूळनिवाशांची भाषा. मग अनुवादही धेडगुजरी मराठीत करा, प्रश्न मिटला.

लिंबगाव
काका, 'धेडगुजरी' हा शब्द निदान या पुस्तकासाठी वापरू नका. त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांत एका जातीचं नाव शिवी म्हणून बसलंय. भाषा बिघडली हे सांगायला आपण दलित माणसाला पुढे करतो, आणि नंतर म्हणतो की आता तसा अर्थ राहिला नाही. ज्यांच्यावरून शब्द आला त्यांना विचारून बघा राहिला की नाही.

जुना_वाचक
मी पन्नास वर्षं हा शब्द वापरतोय, कोणाचा अपमान मनात नसतो. उद्या तुम्ही रूढ भाषाच मोडीत काढाल.

स्पॅनिशची_मास्तरीण
रूढ होतं तेही कोणीतरी मोडीत काढलंच होतं. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यात मोरेलोस या पाद्र्याने १८१३ साली चिल्पान्सिंगोत जे कलमांचं पत्रक मांडलं, त्यात पंधरावं कलम असं आहे: गुलामगिरी कायमची बंद, 'कास्तां'चा भेदही बंद, सगळे समान, आणि एका अमेरिकन माणसाला दुसऱ्यापासून वेगळं करील तो फक्त दुर्गुण किंवा सद्गुण. हा 'कास्ता' तोच, जो पोर्तुगीजांनी आपल्याकडच्या जातीला लावला आणि पुढे इंग्रजांनी उचलला.

सॅन_अँटोनिओहून
एक सांगू का? सगळे मेस्तिसोला सोशिक समजून बोलताय. मेक्सिकोत १९२० नंतर तो सरकारी शब्द झाला. शिक्षणमंत्री राहिलेल्या व्हास्कोन्सेलोस यांनी १९२५ साली 'वैश्विक वंशा'ची कल्पना मांडली, की सगळे मिसळून पुढची माणूसजात लॅटिन अमेरिकेत घडेल. ऐकायला छान. पण त्या मिसळण्यात इंडियनांनी आपली भाषा सोडून विरघळायचं असं गृहीत होतं, आणि आफ्रिकी वंशाचे मेक्सिकन तर हिशेबातच नव्हते. त्यांची घटनेत दखल २०१९ साली घेतली गेली. तेव्हा टीप द्यायची तर हेही द्या, नुसता अभिमान नको.

आणि खरा अवघड शब्द 'रासा' आहे, कोशात अर्थ 'वंश', त्याकडे कोणी बघितलंच नाही. इथे टेक्सासात बाजारात मला बघून लोक सरळ स्पॅनिशमध्ये सुरू होतात. मग 'रासा' म्हणतात तेव्हा त्यात वंश बिंश काही नसतो, 'आपली माणसं' असतं. तरी त्या शब्दाचं ओझं आहेच. नावात 'ला रासा' असलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या संस्थेने २०१७ साली नाव बदलून 'उनिदोसयूएस' केलं.

शब्दवेडा
'रास' म्हणजे ढीग, राशी. मूळ निराळं असेल, पण माणसांची रास ती 'रासा', अशी कोटी तरी जमते!

कोरडवाहू
'वंश' पुरेसा आहे की. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाचं ब्रीदवाक्य 'माझ्या वंशातून आत्मा बोलेल' असंच मराठीत वाचलंय.

सॅन_अँटोनिओहून
तेही व्हास्कोन्सेलोस यांचंच, १९२१चं. 'वंश' म्हटलं की मराठीत कुळ, बाप, वारस आले. त्या वाक्यात अख्खा खंड बोलतोय. मी तिथे 'माझी माणसं' केलं असतं.

मडगांवकार
'माझी माणसं'त आत्मा बसत नाही. 'लोक' बघा. कोंकणीत 'म्हजो लोक' म्हटलं की सगळे येतात.