मदत हवी आहे: डब्यातल्या पीचचा कॉब्लर, वरचं पीठ कोरडं राहतंय

मंडळी, कॉब्लरसाठी (फळांवर पिठाचा थर देऊन बेक करतात तो गोड पदार्थ) मदत हवीये. पद्धत एकदम सोपी आहे, बेकिंग डिशमध्ये डब्यातले पीच सिरपसकट ओतायचे, त्यावर व्हॅनिला केक मिक्स कोरडंच भुरभुरायचं, ढवळायचं अजिबात नाही, वरून वितळलेलं बटर आणि १८० डिग्रीला साधारण ४५ मिनिटं. कडा मस्त सोनेरी होतात, रस बुडबुडतो, वास तर विचारूच नका, पण मध्ये मध्ये पांढरं पीठ तसंच राहतं. जिथे बटर पोचत नाही तिथेच होतं हे, एवढं कळतंय. मग बटर वाढवू, की थंड बटरचे पातळ काप करून सगळीकडे पसरले तर जास्त नीट झाकलं जाईल? ढवळायचं मात्र सुचवू नका प्लीज, मग तो साधा केक होतो, खाली रसरशीत फळ आणि वर खुसखुशीत थर हीच तर यातली मजा आहे.

अजून एक, फ्रोजन बेरीज घेतल्या तर सिरप नसतं, मग पीठ भिजणार कसं? थोडा ज्यूस घालता का कोणी? आणि बेरीज आधी वितळवायच्या की तशाच टाकायच्या? ज्यांनी केलंय त्यांनी प्रमाणासकट सांगा ना.