विस्तव ‘झाकणे’ की ‘राखणे’?

शब्दवेडी: आयर्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या घरांवरचा लेख मराठीत आणतेय. निजण्यापूर्वी घरची बाई निखारे राखेखाली लोटते आणि सकाळी तेच उकरून त्यांवर नवं जळण रचते. आयरिशमध्ये याला ‘कोगिल्ट’ म्हणतात. त्याच शब्दात काटकसरीनं जपण्याचाही अर्थ आहे. मी ‘आग झाकणे’ लिहिलंय. फारच मिळमिळीत वाटतं.

माजघर: ‘विस्तव राखणे’ लिहा की! शिवाय राखेनंच राखायचा. ‘रक्षा’ शब्दातही राख आणि रक्षण दोन्ही आहेतच. आपल्याकडेही निखारे राखेत पुरून ठेवत, विझलाच तर शेजारी विस्तव मागायला जात.

वाटसरू: ‘राखणे’ला माझं मत. तिथं निखारे झाकताना आयरिश संत ब्रिजिड आणि येशूची आई मेरी यांच्या नावानं प्रार्थना म्हणत. पण शेजारी विस्तव मागायला १ मे रोजी जाऊ नका! त्या दिवशी घरातला विस्तव बाहेर दिला की घरची बरकत, विशेषतः लोण्याची, त्याच्याबरोबर जाते असा समज होता.

शब्दवेडी: ठरलं, ‘राखणे’. आणि ‘हर्थ’ला चूल चालेल?

माजघर: नको. चूल म्हटलं की वाचकाला वैल दिसणार. तिथं विस्तव जमिनीलगत, वर धुराडं, बाजूला फिरता लोखंडी दांडा आणि त्याला टांगलेलं भांडं. पाव भाजायचा तर तीन पायांच्या भांड्यात, झाकणावरही निखारे ठेवून. ‘शेकोटी’ अंगणातली. सरळ ‘धुराड्याखालचा विस्तव’ म्हणा.

वाटसरू: जळणाला ‘गोवऱ्या’ म्हणू नका, शेणाचा संबंध नाही. दलदलीतून अरुंद पात्याच्या फावड्यानं कापून उन्हाळाभर वाळवलेलं पीट ते, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. ‘पीटच्या विटा’ बरं. छपराला ‘शाकारणे’ आयतंच आहे. ‘हाफ-डोअर’ला ‘अर्धं कवाड’: खालचं बंद, म्हणजे कोंबड्या बाहेर आणि रांगतं मूल आत, वरच्या उघड्या भागातून उजेड.

शब्दवेडी: शेवटचं. क्लेअरसारख्या पश्चिमेकडच्या भागात मुलाचं लग्न झालं की म्हातारे आईबाप धुराड्यामागच्या ‘वेस्ट रूम’मध्ये जात. ‘वानप्रस्थाची खोली’?

माजघर: अहो, कसलं वानप्रस्थ! विस्तवाच्या पाठची भिंत, घरातली सगळ्यांत उबदार. ‘पश्चिमेची खोली’च राहू द्या.