कर्ज काढून बीएस्सी नर्सिंग: हप्ता फिटेल का हो पगारात?

बोरीकाठचा
मंडळी, पारोळा तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू. मोठ्या भावाची मुलगी बारावी सायन्स झाली, नर्सिंगची सीईटी दिली आहे. परवा एक ओळखीचा माणूस घरी येऊन गेला. धुळ्याकडच्या एका कॉलेजात तिच्यासाठी बीएस्सी नर्सिंगची सीट 'धरून ठेवली आहे' म्हणतो. फी, होस्टेल, मेस मिळून वर्षाला सव्वा लाख, चार वर्षांचे पाच लाख. सगळं कर्जच काढावं लागेल.

मी विरोधात आहे, सरळ सांगतो. आमच्याच गल्लीतली एक पोरगी बीएस्सी होऊन दोन वर्षांपासून जळगावला खासगी दवाखान्यात आहे. हातात पडतात साडेचौदा हजार. त्यातून खोलीभाडं, डबा. इकडे सोसायटीचं पीककर्ज दरसाल नवं-जुनं करून ढकलतोय, त्यावर आणखी हे? जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांत होतो, खर्चही कमी, तेच करावं असं माझं म्हणणं. वहिनी दोन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. तुम्ही काय म्हणता?

नाइटवाली_शिष्टर
दादा, वहिनींच्या बाजूने माझं एक मत धरा. मी सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स आहे. मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, महागाई भत्ता धरला की पन्नास हजारांच्या पुढे जातं. एम्ससाठी नॉरसेट परीक्षा असते, तिथे मूळ वेतनच ४४,९००. शिवाय बीएस्सी नर्सिंगवर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. ते कंत्राटी आहे खरं, पण महिन्याला २५ हजार आणि कामावर आधारित मोबदला वेगळा, १५ हजारांपर्यंत. गल्लीतल्या एका पोरीचा पगार म्हणजे अख्ख्या नर्सिंगचा पगार नव्हे.

गिरणेचं_पाणी
ताई, तुम्ही लागलात म्हणून बोलताय. तुमच्याबरोबरच्या किती जणी लागल्या तेही सांगा की. जाहिरात निघेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, मग परीक्षा, मग निकाल, मग कोर्ट. बँकेचा हप्ता थांबतो का तोवर? माझी बायको जीएनएम आहे. स्टाफ नर्सच्या सरकारी भरतीत दोघींना एकच दार. मग चौथ्या वर्षाचे पैसे कशाला घालायचे?

नाइटवाली_शिष्टर
बॅचमधल्या पाच-सहा जणी सरकारीत आहेत, बाकीच्या खासगीत. लपवत नाही. मीसुद्धा तिसऱ्या प्रयत्नात लागले. त्याआधी खासगीत होते तेव्हा रात्री तीस पेशंटांमागे आम्ही दोघी. पहाटे चारपासून सगळ्यांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायचं, सलाइन बदलायचं, आणि सकाळी मेट्रन विचारणार, चादरी का नाही बदलल्या? पगार पाकिटात, तेरा हजार, त्यातून युनिफॉर्मचे कापलेले. एवढं सोसूनही सांगते, तिला डिग्री घेऊ द्या. पुढे एमएस्सी करून ट्यूटर व्हायचं तर जीएनएमवाल्यांना आधी पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षं वेगळी काढावी लागतात.

हप्तेबाज
बँकेत आहे, त्यामुळे भावना बाजूला ठेवून आकडे देतो. दरवर्षी सव्वा लाख उचललं, व्याज १० टक्के धरलं. शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतंच. पाचव्या वर्षाअखेर व्याजाचेच पावणेदोन लाख होतात. म्हणजे पावणेसात लाखांवर हप्ता सुरू, दहा वर्षांसाठी महिन्याला साधारण ८,९०० रुपये. साडेचौदा हजारांतून ते गेले की उरले ५,६००. यात डबासुद्धा बसत नाही.

शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर हप्ता ६,६०० वर येतो. पण कोरडवाहूवाल्याला दर महिन्याला व्याज भर म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. पालक सहकर्जदार असतो. हप्ता थकला की भावाचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, जातं, पुढच्या पीककर्जाला तेच आडवं येतं.

तापीबाई
पगार कमी म्हणून रडता, पण सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राची समिती नेमली गेली होती. ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला किमान २० हजार द्यावेत, २०० च्या वर खाटा असतील तर सरकारीइतका पगार, असं तिने सांगितलंय. मागायला शिका.

गिरणेचं_पाणी
समितीने शिफारस केली हो, पण पाकिटात ती कोण टाकतं? मागायला गेलेल्या पोरीला 'उद्यापासून येऊ नको' म्हणतात. दारात दहा जणी उभ्याच असतात.

हप्तेबाज
बोरीकाठचे, एक विचारायचं राहिलं. ही 'धरून ठेवलेली' सीट कॅप राउंडमधली, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतली, की कॉलेज स्वतः भरतं त्या व्यवस्थापन कोट्यातली? आणि मुलगी कुठल्या प्रवर्गात?

बोरीकाठचा
ओबीसी. कॅपचा अर्ज सायबर कॅफेतून भरला आहे, यादी अजून लागायची आहे. तो माणूस म्हणतो यादीच्या नादी लागू नका, ही सीट जाईल.

हप्तेबाज
मग पाच लाखांवर आपण भांडतोय कशाला! ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय बघा. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. अट एकच मोठी: प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी गेली. राहतं होस्टेल आणि मेस. ते वर्षाला ६० हजार धरलं तर त्याच हिशेबाने हप्ता सव्वाचार हजारांच्या आसपास येतो.

नाइटवाली_शिष्टर
दादा, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर आहे ना हातात? नसेल तर उद्याच सेतूत जा.

गिरणेचं_पाणी
सव्वाचार हजार असेल तर माझा विरोध निम्मा कमी. निम्मा राहणार. कारण कॅपमध्ये नंबर लांब लागला, लातूर नाहीतर नांदेड, तर येण्याजाण्याचं भाडं तुमच्या कॅल्क्युलेटरमध्ये नाही. आणि नाहीच लागला नंबर, तर व्यवस्थापनाच्या सीटसाठी कर्ज काढू नका. तिथे जीएनएमच बरं, यावर मी ठाम आहे.

तापीबाई
आंडेरले, पोरीला, शिकू दे, भो. लांब नंबर लागला तर लांब जाईल. लग्न करून सुरतेला पाठवताना अंतर मोजतो का आपण?

बोरीकाठचा
दाखला आहे, नॉन क्रीमी लेयरची मुदत संपली आहे, उद्या पारोळ्याला जातो. खरं सांगायचं तर तो निर्णय मला माहीतच नव्हता, आणि त्या माणसाने तो सांगितला नाही. आत्ताच त्याचा परत फोन आला होता. म्हणतो मूळ मार्कशीट घेऊन या, डिपॉझिट पंचवीस हजार.

हप्तेबाज
मूळ मार्कशीट देऊ नका. प्रवेश रद्द करायची वेळ आली की तीच सोडवायला पैसे मागतात.

बोरीकाठचा
ती कपाटात आहे. वहिनीने किल्ली कमरेला लावून ठेवली आहे, मलाही देत नाही.