युरोपात मोटरहोम: हिरवे स्टिकर आणि प्रदूषण क्षेत्रे

प्रश्न (कोथरूड): जर्मनीत मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन आम्ही सहकुटुंब पॅरिस व लंडनला जाणार आहोत. आपल्या पीयूसीप्रमाणे तेथील शहरांच्या प्रदूषण क्षेत्रांत शिरण्यासाठी गाडीवर लावायच्या स्टिकरचेही नूतनीकरण करावे लागते का, आणि एकच स्टिकर सर्वत्र चालते का?

उत्तर (औंध): दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. पीयूसीमध्ये धूर प्रत्यक्ष मोजतात. जर्मन स्टिकर मात्र नोंदणीपत्रातील युरो श्रेणीवरून (युरोपीय प्रदूषण मानकाच्या पातळीवरून) मिळते, त्यावर गाडीचा क्रमांक लिहिलेला असतो आणि तो बदलेपर्यंत ते वैध राहते. हिरव्या स्टिकरसाठी डिझेल गाडी युरो ४ किंवा पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातील काजळी अडवणारी गाळणी) बसवलेली युरो ३ असावी लागते. स्टिकरविना अशा प्रदूषण क्षेत्रात शिरल्यास, गाडी कितीही नवी असली तरी, १०० युरो दंड होतो. जर्मनीतील हॅनोव्हर शहराने २०२४ मध्ये स्टिकरची अट काढली. बर्लिनमध्ये ती आहे. फ्रान्सचे क्रितएअर स्टिकर पूर्णपणे वेगळे आहे.

उत्तर (सदाशिव पेठ): लंडनमध्ये स्टिकर नसते, कॅमेरे नंबरप्लेट वाचतात. तेथे डिझेलसाठी युरो ६ लागते आणि परदेशी गाडीची नोंदणी आधी करावी लागते. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी गाडीच्या नोंदणीपत्राची प्रत मागवावी आणि गाडी ब्रिटनमध्ये नेण्याची परवानगी ती भाड्याने देणाऱ्याकडून लेखी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. प्रत आजच मागवतो.