लॉक-फाइल पुसण्यातच खरी गोम आहे
एका वेळी एकाच प्रोग्रॅमने डेटावर लिहावे म्हणून लॉकची फाइल वापरतात. प्रोग्रॅम संपताना ती अनलिंक करावी, म्हणजे तिचे नाव पुसून टाकावे, म्हणजे जुनी फाइल आड येणार नाही, हा सल्ला नीटनेटका वाटला तरी मला मान्य नाही, कारण रेस (कोण आधी पोहोचते यावर अवलंबून असलेली गडबड) तिथेच जन्म घेते. पहिल्या प्रोसेसकडे (चालू प्रोग्रॅमकडे) फ्लॉक, म्हणजे फाइलवर घेतलेला लॉक, असताना दुसरी तीच फाइल उघडून ताटकळत असते. पहिली प्रोसेस ती फाइल पुसून लॉक सोडते आणि दुसरीला लॉक मिळतो खरा, पण तो नाव गमावलेल्या आयनोडवर (डिस्कवरील फाइलच्या मूळ नोंदीवर). तेवढ्यात तिसरी प्रोसेस त्याच नावाची नवी फाइल तयार करून तिच्यावर लॉक घेते, आणि दोघीही आपण एकट्याच आहोत अशा समजुतीत एकाच डेटावर लिहू लागतात.

आमच्याकडे हे असेच घडले होते. दोन जॉबच्या लॉगमध्ये एकाच वेळी 'लॉक मिळाला' अशी नोंद होती आणि प्रोक-मधील (लिनक्समध्ये चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या जागेतील) डिस्क्रिप्टरच्या, म्हणजे उघड्या फाइलींच्या क्रमांकांच्या, यादीत एकाच्या फाइलपुढे 'डिलीटेड' असे दिसत होते. स्लीप, म्हणजे मधली थांबण्याची वेळ, वाढवून पाहण्यात (तो उपाय नव्हेच) बराच वेळ गेला. शेवटी लॉक मिळताच उघड्या डिस्क्रिप्टरवर एफस्टॅट आणि नावावर स्टॅट (दोन्ही फाइलची माहिती देणारे कॉल) करून डिव्हाइस व आयनोड क्रमांक ताडून पाहिले, ते जुळले नाहीत किंवा नावच सापडले नाही तर फाइल बंद करून पुन्हा सुरुवात केली, आणि पुसायचेच असेल तर लॉक हातात असतानाच पुसायचे ठरवले. डिस्क्रिप्टर उघडा असेपर्यंत तो आयनोड क्रमांक दुसऱ्या फाइलला दिला जात नाही, म्हणून ही तुलना भरवशाची ठरते.